धुऱ्यावरची ऑफर

गोंदियात सॉफ्टवेअर कंपनीची शाखा निघाली अन् मी तिथं एचआर झाले. एचआर म्हणजे काय, तर सगळंच. भरती करायची, पगार काढायचे, एसी किती थंड ठेवायचा यावरून दोन टेबलांत जुंपली की मिटवायची, वाढदिवसाचा केकही मीच आणायचा. कंपनी अशी वाढून राहिली होती की आज मागवलेल्या खुर्च्या उद्या कमी पडत. मला तर रविवार नकोसा व्हायचा, खरंच सांगते.

त्या वर्षी ऐन धानाच्या रोवणीच्या दिवसांत आम्ही भरतीची परीक्षा घेतली. शेवटचा प्रोग्राम सगळ्यांनी सोडून दिलेला, सौंदड गावच्या एका मुलीनं तेवढा बरोबर चालवून दाखवला. मुलाखत घेऊन मी बाहेर आले ती नाचतच. साहेबांना म्हटलं, ही पाहिजे म्हणजे पाहिजे!

मोबाईलवर ऑफर पाठवली. दोन दिवस झाले, उत्तर नाही. फोन केला तर तिच्या वडिलांनी उचलला. घरात फोन एकच, तो त्यांच्या खिशात.

"काका, मुलीला नोकरी लागली!" मी ओरडलेच.

"किती पैसे भरा लागते?"

"काहीच नाही."

"फुकट नोकरी कोण देते जी? फ्रॉड कुठले!" फोन कट. पुन्हा लावला तर नंबर ब्लॉक.

मी अन् फ्रॉड! डोकंच सरकलं माझं. त्याच दिवशी संध्याकाळी सहाला ऑफर आपोआप रद्द होणार होती अन् जागा दुसऱ्या उमेदवाराला जाणार होती. साहेब म्हणाले, "जाने दो मॅडम, दूसरा है ना." मी म्हटलं, बिलकुल नाही. गाडीला किक मारली अन् थेट सौंदड. रस्ताभर काय काय बोलायचं ते मोठ्यानं पाठ करत गेले.

गावात विचारत विचारत त्यांच्या शेतावर पोचले. वडील धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर उभे, खांद्यावर दुपट्टा, खाली पाणी भरलेल्या बांधीत बायका रोवणी करून राहिल्या होत्या. त्यांच्यात ती मुलगी, गुडघाभर चिखलात. मला पाहून ताठ झाली.

मी चपला हातात घेऊन धुऱ्यावर चढले अन् गळ्यातलं कार्ड पुढं केलं. "फोनवर मीच होते, काका. कंपनी खरी आहे."

त्यांनी कार्डाकडे पाहिलंही नाही. "असंच कार्ड त्याच्याबी गळ्यात होतं. माह्या पोराले नोकरी लावून देतो म्हणे. पैसे घेऊन गेला, तो गेलाच."

पाठ केलेलं सगळं वायाच गेलं. या माणसावर काय चिडायचं?

"गाव कोणतं तुमचं?" त्यांनीच विचारलं.

"नागरा."

"कोणाची पोरगी?"

मी वडिलांचं नाव सांगितलं. त्यांनी खिशातून फोन काढला, नागऱ्यातल्या आपल्या साडूला लावला अन् स्पीकर चालू केला. आल्यागेल्या उमेदवाराची चौकशी करणारी मी, तिथं चिखलात उभी राहून स्वतःची चौकशी ऐकत होते!

"हाव, ओळखतो ना!" साडू म्हणाले. "लय तोंड चालते त्या पोट्टीचं. मागं नळावरून माह्याशीच भांडली. पण लबाड नाही. ते सांगून राहिली त खरंच असन."

"नळावर चूक तुमचीच होती!" माझ्या तोंडून निघूनच गेलं. बांधीतल्या बाया खो-खो हसल्या. वडीलही हसले. मग मुलीला हाक मारली. ती वर आली.

"तुले जाचं हाय का?"

"मले त जाचंच हाय, बाबा." ती म्हणाली. "पण तुमी हो म्हणा."

ते बांधीकडे पाहत राहिले. माझं एक लक्ष घड्याळाकडे. सहाला थोडाच वेळ उरला होता. पण आता मी काही बोलणं बरं नव्हतं, अन् गप्प बसणं मला किती जड जातं ते माझ्या घरच्यांना विचारा!

शेवटी त्यांनी फोन तिच्यापुढं धरला. मी ऑफर उघडून दिली. खाली हिरवं बटण होतं, 'स्वीकार'. तिनं दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. बोट चिखलानं भरलेलं, स्क्रीनला कळेचना. ती रडकुंडीला आली.

वडिलांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला. तिचा हात हातात घेतला अन् एक-एक बोट पुसलं, लहान लेकराचं पुसावं तसं. मग फोन दोन्ही हातांत धरून पुन्हा तिच्यासमोर केला.

"दाब," म्हणाले, अन् स्वतः डोळे गच्च मिटून घेतले.