होसकोट्याच्या शेडमधली केबल

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते आमच्या तालुक्याच्या शाळेतल्या जगदाळे सरांचे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. सरांनी मला इंजिनिअरिंगपर्यंत पोहोचवलं. भुताखेतांच्या गोष्टींना ते हसायचे, मीही हसायचो. म्हणून हे लिहिताना संकोच वाटतो...

१९९८-९९चा सुमार. बंगळूरच्या एका लहान कंपनीत मी नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, लिहीत होतो. केबलच्या दोन्ही टोकांची उपकरणं काही काम नसतानाही एकमेकांना विजेचे बारीक ठोके पाठवत राहतात. ठोके आले की कार्डातली चिप तशी नोंद करते. माझा ड्रायव्हर ती वाचून स्क्रीनवर ‘लिंक अप’ लिहायचा. ठोके थांबले की ‘लिंक डाउन’. एवढंच.

चाचणीसाठी बंगळूरजवळच्या होसकोट्याच्या एका कारखान्यात गेलो. रविवारची दुपार, कामगार सुट्टीवर. माझ्या मशीनपासून मागच्या शेडपर्यंत केबल ओढून झाली होती. तिकडे प्लग बसवून ती हबला, म्हणजे सगळ्या केबली जोडायच्या डब्याला, जोडायचं काम इलेक्ट्रिशियन नारायणअण्णांचं. अण्णा बंगळूरच्या बसवनगुडीतले, पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच मराठी.

“अण्णा, किती वेळ लागेल?”

“स्वल्प थांब रे. तू इंजिनिअर झालास म्हणून प्लग आपोआप बसतो का?”

ते शेडकडे गेले. बाहेर जनरेटर धडधडत होता, दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

थोड्या वेळाने स्क्रीनवर ‘लिंक अप’ उमटलं. लगेच ‘लिंक डाउन’. अप. डाउन. अप, डाउन... ओळींनी स्क्रीन भरून गेली. अण्णा प्लग काढून-घालून माझी थट्टा करताहेत असंच वाटलं. चिडून उठलो — पुरे करा म्हणायला.

शेडचं दार ढकललं. तांब्याच्या तारा चोरायला शिरलेले तिघे अण्णांना लोखंडी सळयांनी मारत होते. अण्णा पालथे पडलेले, हात मागे तारेने बांधलेले, डोकं फुटलेलं. प्रत्येक फटक्याला अंग नुसतं हलत होतं. एकाने वळून माझ्या डाव्या खांद्यावर सळई घातली. हाड मोडल्याचं मला आतून ऐकू आलं. भिंतीवरचं आग विझवायचं नळकांडं ओढून मी त्याच्या तोंडावर हाणलं. दात, रक्त... पुन्हा हाणलं. तो पडला तरी हाणलं. उरलेले दोघे पळाले.

डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर अण्णा हाती लागले नसते.

नंतर केबल पाहिली. तिचं टोक जमिनीवर पडलेलं, सोललेलंसुद्धा नाही. प्लग पाकिटातच. हब खोक्यात, खोक्याची चिकटपट्टी तशीच. ठोके पाठवायला त्या टोकाला काही नव्हतंच...

कंपनीतले साहेब म्हणाले, “जनरेटरचा नॉइज केबलमध्ये शिरला असेल.”

तीच केबल, तेच मशीन, तोच जनरेटर — आठवडाभर चालवून पाहिलं. ‘लिंक अप’ एकदाही आलं नाही. कोड ओळ न्‌ ओळ वाचला. चूक सापडली नाही. तेव्हा सरांना लिहिलेलं पत्र इथे देतो —

“आदरणीय सर, साष्टांग नमस्कार.

माझा खांदा जुळतो आहे, काळजी नसावी. अण्णांना परवा शुद्ध आली. पहिलंच बोलले, ‘किती हाका मारल्या रे तुला. ऐकलंस एकदाचं.’ सर, त्यांच्या तोंडात कापडाचा बोळा कोंबलेला होता. तो मीच माझ्या हाताने काढला. त्यांच्या पत्नी अक्का रोज माझ्या पायाशी वाकायला जातात, मी मागे सरतो. त्यांनाही वाटतं, मी हाक ऐकून धावलो. मी काहीच ऐकलं नव्हतं, सर. मी त्यांना रागवायला गेलो होतो. हे त्यांना सांगू का?

आपला विद्यार्थी,
दत्ता”