फौजीणबाईंचं औक्षण

फौजीणबाई युद्धाची कादंबरी हातात घेतली की आधी त्यातला जवान कुठल्या पानावर मरतो ते शोधायच्या आणि तिथूनच वाचायला लागायच्या. भूमच्या वाचनालयात मी पुस्तकं देतो-घेतो. असा वाचक दुसरा पाहिला नाही. त्यांचे यजमान सीमेवर मारले गेले, तेव्हा मुलगा रांगत होता. "मरायच्या आधीचं समदं मला ठावं हाय," त्या म्हणायच्या. "पुढचं कुणी नीट लिवत न्हाय."

पुस्तकातल्या वीरपत्नीशी त्यांचं उभं वैर होतं. ती एक तर विहीर जवळ करते, नाहीतर कोरड्या डोळ्यांनी भाषण ठोकते. "निरोप आला तवा म्या म्हशीला पाणी दावत हुते. तिचं पिऊन झालं, मगच घरात गेले. हे लिवा की कुणीतरी!"

मला लिहायची खोड. मी लिहिलं, पण ते नव्हे. माझ्या कथेतली विधवा आई हसतमुखाने औक्षण करून एकुलत्या मुलाला फौजेत धाडते. दिवाळी अंकात छापून आल्यावर मी मोठ्या ऐटीत अंक त्यांच्यापुढे धरला. उभ्या उभ्या वाचून त्यांचा चेहरा उतरला.

"सर, आमच्यात विधवेच्या हातात औक्षणाचं ताट देत न्हाईत. आन् मी पोराला जाऊ देणार न्हाय. त्याला दावू नका हे."

मुलगा आदल्याच दिवशी एक अंक घेऊन गेला होता. आईला चोरून तो भरतीसाठी रोज पळायचा. कथेतल्या आईने होकार दिला होता. आता खऱ्या आईला नाही म्हणता येईना.

तो भरती झाला. निघताना सगळ्या भावकीसमोर हटून बसला, "ओवाळलं तर आईनंच." मोठ्या जाऊबाई ताट त्यांच्या हाती देईनात, शेवटी खाली ठेवून बाजूला झाल्या. बाईंनी ते उचललं. मला तेव्हा अभिमान वाटला होता. त्याची आता लाज वाटते.

सध्या सीमेवर पुन्हा गोळीबार चालू आहे. नऊ दिवस झाले, मुलाचा फोन बंद आहे. बाई रोज येऊन बसतात, पुस्तक मागत नाहीत. काल म्हणाल्या, "जाऊबाई म्हणत्यात, माझ्या हातानं घात केला. असं काय नसतंय नव्हं, सर?"

"नसतं," मी म्हणालो. पण मला राहवेना. "घात झालाच असेल, तर तो माझ्या हातानं झालाय."

"झालाच असंल म्हणू नका, सर," त्या म्हणाल्या. "अजून कुणी सांगाया आलेलं न्हाय."