दोन बोटं खाली

मावशी धंद्याने शिवणकाम करणारी, पण रविवारी सकाळी दहा ते अकरा तिच्यापुढे कापड ठेवायची कुणाची छाती नव्हती. लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्यांत त्या भागाचं रेडिओ केंद्र होतं. पगारी माणूस एक नाही, सगळी हौशी मंडळी. अकरा भाषा आणि प्रत्येकीला आठवड्यातून एक तास. मराठीचा तास चौदा वर्षं मावशीकडे होता. कुणाला खोली भाड्याने द्यायचीय, कुणाला मुलगी झाली, डोळे तपासायचं शिबिर कधी आहे, हे ती सांगायची आणि मधूनमधून गाणी लावायची. आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर लावलेले जाड पडदेही तिनेच शिवलेले. केंद्राचं आपल्यावाचून पान हलत नाही अशी तिची खात्री होती, आणि ती खोटी पाडायची तसदी आजवर कुणी घेतली नव्हती.

मग बसड्रायव्हर आला. त्याची भाषा वेगळी. मावशीला तिच्यातले दोन-चार शब्द कळायचे, तेही भाजीवालीच्या कृपेने. त्याला अकरा ते बाराचा तास मिळाला. आठवडाभरात बसमध्ये कोण चढलं, कोण कुणाशी भांडलं, कोण झोपून शेवटच्या थांब्यापर्यंत गेलं, एवढंच तो सांगायचा. पण असं सांगायचा की फोनचा लाल दिवा विझायचा नाही. मावशीला तीन फोन आले तर ती गुणगुणत घरी जायची. याला दुसऱ्याच महिन्यात वीस-वीस यायला लागले.

बरं, तिळपापड व्हायचा तो घरी जाऊन होऊ द्यावा, तर तीही सोय नव्हती. केंद्राचा नियमच असा की ज्याचा तास संपला त्याने पुढच्याच्या तासाला यंत्रावर बसायचं. बोलणारा काचेपलीकडे, आणि त्याच्या आवाजाची सरकती खुंटी अलीकडच्याच्या हातात. म्हणजे मेल्याचं कौतुक समोर बसून बघायचं, वर त्याला मान डोलवून 'चालू द्या' म्हणायचं.

एका रविवारी यंत्रावर बदली माणूस मिळाला म्हणून ती साडेअकरालाच घरी आली, तर नवरा रेडिओला कान लावून एकटाच हसत होता. एरवी तिचा तास संपला की हा गृहस्थ रेडिओ बंद करून आंघोळीला पळायचा.

"तुला काय कळतं रे त्यातलं?" तिने विचारलं.

"काही नाही. पण माणूस बोलतो छान."

चौदा वर्षांत तिच्या बोलण्याला 'छान' म्हणायचं त्याला एकदाही सुचलं नव्हतं. मावशीने त्या दिवशी नवऱ्याला जेवायला वाढलं, पण दुसऱ्यांदा विचारलं नाही.

पुढच्या रविवारी तिने ड्रायव्हरच्या माइकची खुंटी नेहमीच्या खुणेपर्यंत नेलीच नाही. दोन बोटं खाली ठेवली. बंद केली असती तर बोभाटा झाला असता; दोन बोटं कुणाच्या डोळ्यांवर येतात? ड्रायव्हरच्या हेडफोनमध्येही त्याचा आवाज तेवढाच बारीक जायचा. तो पुढे सरकून बसला, घसा खाकरला, जोर लावून बोलू लागला. मावशीला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं. त्यानंतर दर रविवारी दोन बोटं. ड्रायव्हर गरम पाण्याचा थर्मास घेऊन यायला लागला. फोन बारावर आले, मग आठवर. आवाज नीट येत नाही अशा तक्रारी आल्या तेव्हा केंद्राचं बघणाऱ्या निवृत्त मास्तरांनी तिला विचारलंही. यंत्र ठीक आहे, त्यांचाच आवाज बसलाय, असं तिने शिवणीत सुई घालावी इतक्या सहज सांगितलं.

हे तिला करावंसं वाटावं असं एक कारण आणखी होतं. पुढच्या महिन्यापासून रविवारचे दोन्ही तास एकत्र करून एकालाच द्यायचे आणि दुसऱ्याला मंगळवारी दुपारी पाठवायचं, असं ठरत होतं. मंगळवारी दुपारी माणसं कामावर. ऐकणार कोण, लाँड्रीवाला?

शनिवारी चारला बैठक बसली. तिथे सगळ्यांना येणारी एकच भाषा चालायची. मास्तर बोलायच्या आधीच ड्रायव्हर उठला. आवाज घोगरा, खरोखरच बसलेला.

"दोन तास मावशींना द्या," तो म्हणाला. "मंगळवारही मला नको. मी थांबतो."

मावशीला आधी आनंदच झाला. मांडीवरच्या पर्सचा बंद तिने घट्ट धरला, तोंडावर काही दिसू नये म्हणून.

मग तो सांगत गेला. तीन वर्षांपूर्वी त्याच्या घशातली गाठ काढली होती. आवाज बारीक व्हायला लागला तर लगेच या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दोन महिने झाले, हेडफोनमध्ये आपलाच आवाज लांबून आल्यासारखा येतोय. दवाखान्यात जायची हिंमत होत नाही. बायकोलाही अजून सांगितलेलं नाही. हे सांगताना त्याचा हात सारखा गळ्याकडे जात होता.

मास्तरांनी चष्मा काढला. दोन तास आता मावशीच्या पदरात पडल्यातच जमा होते. नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसायचा तिने प्रयत्नही केला.

"तुमच्या घशाला काही झालेलं नाही," ती शेवटी म्हणाली. "माइकचा आवाज मी कमी ठेवत होते. मुद्दाम."

"किती?"

तिने दोन बोटं दाखवली.

ड्रायव्हरने दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि खांदे हलायला लागले तेव्हा तो रडतोय की हसतोय ते कुणालाच कळेना. तो दोन्ही करत होता. मावशी शिव्या खायच्या तयारीने उभी होती. मास्तरांनी तोंड उघडलंही, पण ड्रायव्हरने त्यांना हातानेच थांबवलं. तो तिच्यापाशी आला, तिचा हात धरला आणि म्हणाला की देवाने घातलं असतं तरी एवढं चांगलं दान पदरात पडलं नसतं. घरी फोन करायला तो बाहेर पळाला. सगळे त्याच्या मागे गेले, कुणी पाणी घेऊन, कुणी नुसतंच.

परत आल्यावर निर्णय व्हायला दोन मिनिटंही लागली नाहीत. रविवारचे दोन तास ड्रायव्हरला. मावशीला यंत्रावरून काढावं असं मास्तर म्हणाले, तर ड्रायव्हर आडवा आला.

"यंत्रावर मावशीच हव्यात," तो म्हणाला. "माझ्या आवाजाकडे त्यांच्याइतकं लक्ष आजवर कुणी दिलंय?"

सगळे हसले. त्याच्या डोळ्यांत टोमण्याचा मागमूस नव्हता. मावशीने नीट शोधून पाहिला. आवाज त्याचा होता, फोन त्याचे होते, दोन तास त्याचे झाले होते, आणि आता मोठं मनसुद्धा त्याच्याच वाट्याला गेलं होतं. तिच्या पोटात जे पेटलं ते आधीच्या दोन महिन्यांत कधी पेटलं नव्हतं.

"येईन," ती म्हणाली. "पण वेळेवर या."