शनिवारचं पहिलं केळं

आमच्या बसवनगुडीच्या घरी शनिवारी अण्णा, म्हणजे माझे वडील, माकडाच्या आधी काही खात नसत. शनिवार मारुतीचा. त्या दिवशी गच्चीवर बसून पहिलं केळं माकडाच्या हाती द्यायचं, मगच चहा, मगच नाश्ता. हा नेम त्यांनी कुणाकडून उचलला कोण जाणे. चिकपेटेत त्यांचं साड्यांचं दुकान होतं. तिथे एकेका गिऱ्हाइकापुढे न कंटाळता पन्नास पदर उलगडणारा हा माणूस गच्चीवरही तितक्याच चिकाटीने केळ्यांची फणी घेऊन बसायचा. माकड म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. 'स्वारी' म्हणायचं.

माझ्या लहानपणी स्वारी वेळेवर यायची. शेजारच्या आवारात मोठा उंबर होता, त्यावर सगळ्या टोळीचं खाणं चालायचं. उंबरं, चिंचेचा कोवळा पाला, सालीखालचे किडे. त्यावर केळं म्हणजे मेजवानीच. तुटक्या शेपटीची एक म्हातारी माकडीण पुढे यायची, अण्णांच्या हातून केळं घ्यायची, कठड्यावर बसून निगुतीने सोलायची. मग खाली आई उप्पीट वाढायची. ते दिवस फार सुखाचे होते. अजूनही शनिवारी आठ वाजले की माझे कान गच्चीकडे लागतात.

पुढे उंबर गेला आणि तिथे चार मजले उभे राहिले. माकडं मात्र गेली नाहीत, ती कचऱ्याच्या पिशव्यांवर आली. खरं तर भाकरी-पिठल्याचं आमचं घरही तोवर कानडी मुलखात राहून इडली-चित्रान्नावर आलं होतं, त्यामुळे त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही. तरी ठेवते. पाण्याच्या टाक्यांवर जन्मलेल्या त्या पोरांना पिशवीची चेन उघडता यायची, नळ सोडता यायचा, जेवण घेऊन येणाऱ्याची स्कूटर आवाजावरून कळायची. उंबर समोर ठेवला असता तर ओळखला नसता. एकाने अण्णांच्या हातातलं केळं हुंगलं आणि मी दुधी बाजूला सारते तसं कठड्यावर ठेवून दिलं.

अण्णा बसून राहायला लागले. दहा, अकरा, कधी बारा. तोवर आई गेली होती आणि अण्णांना साखरेचा विकार जडला होता. काही खाल्ल्याशिवाय गोळी घेता येत नव्हती.

"अण्णा, देवाला कळतं. दोन घास खाऊन घ्या."

"स्वल्प थांब. येईल."

एका शनिवारी उतरताना जिन्यातच त्यांना घेरी आली. मी धरलं म्हणून निभावलं.

पुढच्या शनिवारी मी पहाटेच गच्चीवर गेले आणि टाकीमागे क्रीमची बिस्किटं मांडून आले. आठच्या आत टोळी हजर. गालात बिस्किटं कोंबलेल्या एकाने जाता जाता अण्णांचं केळंही उचललं. अण्णांनी हात जोडले, खाली येऊन गरम उप्पीट खाल्लं, गोळी घेतली. मी स्वतःवर खूश होते. दोन वर्षं मी हेच केलं.

पण माकडांना वार कुठे कळतात? ती रोज यायला लागली. मोठ्यांची पोटं सुटली, पिल्लांचे केस विरळ झाले. खालच्या मजल्यावरच्या अक्कांचा फ्रिज एकाने उघडला. अक्कांनी त्याच्या हातातला पुडा ओढला तर तो त्यांच्या हाताला कडकडून चावला. टाके पडले. गल्लीतल्या लोकांनी माकडं धरणाऱ्यांना बोलावलं. पिंजऱ्यात आमिष ठेवलं होतं क्रीमच्या बिस्किटांचं. एकही माकड बिचकलं नाही. लांब जंगलात सोडणार, असं ते म्हणाले. तिथे उंबर असतीलही, पण ते खायला शिकवणारी तुटक्या शेपटीची म्हातारी केव्हाच मेली होती. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

माकडं नेल्यानंतरच्या शनिवारीही अण्णा केळी घेऊन वर गेले. साडेदहा वाजले. मी गोळी आणि पाणी घेऊन त्यांच्याजवळ जाऊन बसले, आणि मला राहवेना.

"अण्णा, बिस्किटं मी घालत होते. दर शनिवारी. माझ्यामुळेच सगळं झालं."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "टाकीमागे चुरा दिसायचा."

"पहिल्यापासून?"

"पहिल्या शनिवारपासून."

"मग मला अडवलं का नाहीत?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"मला भूक लागायची गं."