मामंजी खाटेवरच होते

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. आणि खरं विचाराल तर अजूनही पुरता बसलेला नाही. माझं माहेर कोकणातलं, त्यामुळे भुताखेतांच्या गप्पा लहानपणापासून पोतंभर ऐकल्या. पण आमचे वडील पोस्टात होते आणि स्वभावाने एकदम रोखठोक. कोणी काही सांगायला लागलं की ते एवढंच विचारायचे, तू स्वतः बघितलंस का? मग समोरचा म्हणायचा, मी नाही, माझ्या मावसभावाने… आणि विषय तिथेच संपायचा. मलाही तीच सवय लागली.

या सदरात येणारे अनुभव मी नेमाने वाचते आणि बरेचदा मनात म्हणते, हा मावसभावाचा दिसतो! पण माझ्या बाबतीत घडलं ते मावसभावाचं नाही. निदान त्यातलं अर्धं तरी मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. म्हणून आज लिहितेय.

गोष्ट १९५५ सालची. आम्ही तेव्हा जोगेश्वरीला, पूर्वेला, गुंफांकडे जाणाऱ्या वाटेवर एका बैठ्या चाळीत राहायचो. दोन खोल्या. आतल्या खोलीत चूल, बाहेरच्या खोलीत खिडकीला लागून मामंजींची खाट. मामंजी म्हणजे माझे सासरे. मूळचे मालवणकडचे, आयुष्य गेलं गिरणीत. जॉबर होते, म्हणजे कामगारांचे मुकादम, त्यामुळे मागांच्या खडखडाटातून ऐकू जाईल असा आवाज. पण मी सांगतेय त्याच्या दोन-एक वर्षं आधी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. पाय लाकडासारखा पडून असायचा, आणि जीभ अशी जड झाली की एकेक शब्द लोळागोळा होऊन बाहेर यायचा. मला सवयीने कळायचं, बाकी कोणाला नाही.

आमचे हे सैन्यात वायरलेसवर होते. बापलेकाचं त्यावरूनच बिनसलेलं. मामंजींनी मुलाला गिरणीत चिकटवायचं ठरवलं होतं, आणि हे न विचारता भरतीला जाऊन आले. त्यात मामंजी असे अंथरुणाला खिळलेले असताना ह्यांची बदली झाली ती थेट परदेशी, सायगावला. निघताना हे पाया पडायला वाकले, तर मामंजींनी तोंड भिंतीकडे फिरवलं. हे तसेच उठले आणि गेले. मी दारात उभी राहून बघत होते.

सायगाव म्हणजे आताचं व्हिएतनाम. तेव्हा आम्ही इंडोचायना म्हणायचो. तिथलं फ्रेंचांचं राज्य संपलं होतं, त्यांची फौज बाडबिस्तरा आवरून निघण्याच्या बेतात होती. लढाई थांबवायचा करार झाला होता, आणि तो पाळला जातोय की नाही यावर लक्ष ठेवायला आपल्या सरकारने माणसं पाठवली होती. त्यातले हे एक. मला वाटलं, लढाई संपलीय ना, मग काय भीती? पण तिकडे वेगळंच चालू होतं. तिथे धर्मपंथांच्या स्वतःच्या फौजा होत्या — फ्रेंचांनीच पोसलेल्या. पोसणारा निघाला तशा त्या नव्या सरकारवर उलटल्या. शिवाय फ्रेंचांविरुद्धच्या जुन्या बंडातले मागे राहिलेले लोक गावोगाव दबा धरून होतेच. एका पंथाचा माणूस दुसऱ्याच्या वस्तीत सापडला तर परत येईल याची खात्री नाही, अशी परिस्थिती. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त ह्यांची पत्रं यायची, आणि त्यात पाऊसपाणी, जेवणखाण याच्यापलीकडे काही नसायचं.

एप्रिल संपत आला होता. सकाळची कामं आटोपून मी बाहेरच्या खोलीत चिंच फोडत बसले होते. सोबतीला शेजारची फिलोमिना — फिलू. तिथल्याच गावठाणातली, मराठी बोलणारी ख्रिश्चन, माझ्याच वयाची. आमच्या गप्पा चाललेल्या. मामंजी खाटेवर डोळे मिटून पडले होते.

आणि मामंजी बोलायला लागले.

बोलायला म्हणजे… स्वच्छ. खणखणीत. तो गिरणीतला आवाज मी लग्नाच्या वर्षी ऐकला होता, त्यानंतर आत्ताच. म्हणाले, "दत्या, माझ्या पाठसून ये. थांबा नको."

दत्या म्हणजे आमचे हे, दत्ताराम; त्यांना मागोमाग यायला सांगत होते. माझ्या हातातली चिंच तशीच राहिली. फिलू माझ्याकडे बघायला लागली. मामंजींचे डोळे अर्धवट उघडे, पण बघत होते ते आम्हाला नाही. आणि पाय चालत होते! खाटेवरच, पडल्या पडल्या, एकापुढे एक. डावा पाय हलला तर मी समजू शकते, पण उजवाही हलत होता. जो पाय मी रोज हाताने उचलून बाजूला ठेवायचे, तो.

मग म्हणाले, डाव्या हाताला वळ. मग म्हणाले, खाली वाक, धुरात मान वर काढू नको. मी त्यांच्या खांद्याला हात लावला, हाका मारल्या, पण काही उपयोग नाही. अंग भाजत होतं — ताप नव्हे हो, चुलीपाशी बसल्यावर कातडी तापते तसं. थोडा वेळ नुसतेच पाय चालत राहिले. मग एकदम दरडावल्यासारखं म्हणाले, "त्या चेडवाक घट्ट धर."

चेडू म्हणजे मुलगी. फिलूने मला हळूच विचारलं, कुठली मुलगी गं? मला काय माहीत. आम्हाला तेव्हा मूलबाळ नव्हतं.

शेवटी त्यांना जोराचा खोकला आला. पाय थांबले. डोळे नीट उघडले आणि जुन्या जड जिभेने पाणी मागितलं. मी पाणी पाजत होते तेवढ्यात फिलू म्हणाली, "सुमन, त्यांचे पाय बघ."

दोन्ही तळवे काळे होते. कोळशावरून चालून आल्यासारखे, टाचेच्या भेगांमध्ये राख. सकाळीच मी त्यांना पुसून स्वच्छ केलं होतं. खोलीत वास होता, जळक्या बांबूचा. आमची चूल केव्हाच विझलेली. आणि खाटेखालची जमीन शेणाने सारवलेली, तिच्यावर राखेचा कणसुद्धा नाही. मी ओल्या फडक्याने तळवे पुसले तर खाली लहान लहान फोड आले होते. फिलूने छातीवर क्रूसाची खूण केली आणि घरून खोबरेल तेल घेऊन आली.

डॉक्टर संध्याकाळी येऊन बघून गेले. चटका बसलाय म्हणाले, गरम काही लागलं का? मी नाही म्हटलं. ते माझ्याकडे अशा नजरेने बघत राहिले की मी पुढचं सांगितलंच नाही. मामंजींना विचारलं, तर त्यांना काहीच आठवत नव्हतं.

पुढे पेपरात आलं. सायगावात रस्त्यावर लढाई, तोफा, वस्त्याच्या वस्त्या जळाल्या. फिलूच्या नवऱ्याने वाचून दाखवलं. ते दिवस कसे काढले ते मलाच माहीत. मामंजींना सांगायची सोय नव्हती, त्यामुळे त्यांच्यासमोर हसायचं आणि आत जाऊन रडायचं. शेवटी ह्यांचं पत्र आलं. चार ओळींचं, सुखरूप आहे म्हणून. मी ते घेऊन चाळभर पळत सुटले होते! पण त्या पत्रात बापाची चौकशी नव्हती. त्याच्या पुढच्याही पत्रांत नव्हती. आधी रागात असले तरी 'बाबांची तब्येत?' एवढं तरी लिहायचे. आता तेही नाही. मी मात्र प्रत्येक पत्रात न चुकता लिहायचे, मामंजी बरे आहेत. त्या सकाळची गोष्ट काही लिहिली नाही. पत्रं फोडून वाचतात असं ऐकलं होतं, आणि लिहिणार तरी काय?

गणपतीच्या आधी एक पाहुणे आले. जाधव नावाचे, साताऱ्याकडचे, ह्यांच्यासोबत वायरलेसवर असलेले. त्यांची बदली होऊन ते गावी परत चालले होते, ह्यांनी माझ्यासाठी दिलेलं रेशमी कापड पोचवायला वाट वाकडी करून आले. दारात बूट काढले, आत पाऊल टाकलं, खाटेकडे नजर गेली आणि तिथेच थिजले. मी खुर्ची पुढे केली तर ते खुर्चीत न बसता उंबऱ्यातच बसले.

"वहिनी, हे कोण?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, मामंजी. ह्यांचे वडील.

"हे चालतात?"

"नाही हो. दोन वर्षं झाली, खाटेवरच आहेत."

मी चहा दिला, तो त्यांनी हातातच धरून ठेवला. मग सांगायला लागले.

जाधव आणि आमचे हे तिथे एका विधवा बाईच्या घरी वरच्या खोलीत राहायचे. बाई त्या उलटलेल्या पंथांपैकीच एकाची, दारावर पंथाची खूण. ऐन दुपारी — तिकडे दुपार म्हणजे आपल्याकडे सकाळच — लढाईला तोंड फुटलं. घरं सगळी बांबूची आणि झावळ्यांची, एक पेटलं की अख्खी ओळ पेटायची. हे दोघं मोठ्या रस्त्याला लागले होते, सुटलेच होते म्हणा. तिथे ह्यांच्या लक्षात आलं की बाई आणि तिची लहान मुलगी आतच आहेत. बाई भीतीने बाहेर पडली नसणार, कारण ती खूण बघून कोण काय करेल याचा नेम नव्हता. हे मागे वळले. जाधव म्हणाले, मी शिव्या देत देत त्याच्या मागे गेलो.

बाई आणि मुलगी सापडल्या. ह्यांनी मुलीला खांद्यावर घेतलं. पण तोवर परतीची गल्ली पेटली होती. धूर असा की शेजारचा माणूस दिसत नाही, दोन्हीकडून गोळ्या. आता संपलं, असं वाटलं. तेवढ्यात पुढ्यात एक म्हातारा माणूस दिसला. धोतर, उघडं अंग, अनवाणी. आपल्याकडचा असतो तसा! तो पुढे चालला आणि हे काही न बोलता त्याच्या मागे. त्यांच्या मागे बाई, शेवटी जाधव. म्हातारा वळत होता तिथे वळायचं, वाकत होता तिथे वाकायचं. असे ते एका कालव्यापाशी निघाले. काठाला होडी होती. सगळे चढेपर्यंत म्हातारा उभा राहिला, आणि त्याने एकेकाच्या तोंडाकडे नीट बघून घेतलं. त्या बाईने त्याला हात जोडले. होडी हलली, जाधवांनी वळून बघितलं तर काठावर कोणी नव्हतं.

"तोच चेहरा, वहिनी," जाधव म्हणाले. "मी हातभर अंतरावरून बघितलाय. दत्ताराम होडीत ढसाढसा रडत होता. मी विचारलं, कोण होता रे? तर म्हणाला, माहीत नाही."

मी तेव्हा त्यांना आमच्याकडची सकाळ सांगितली. चालणारे पाय, काळे तळवे, 'त्या चेडवाक घट्ट धर'. जाताना मामंजींच्या पायांवर डोकं ठेवून गेले. मामंजींनी मला खुणेने विचारलं, कोण हा? आणि याला काय झालं? ह्यांना मात्र मी पत्रात एवढंच लिहिलं, कापड पोचलं, मामंजी बरे आहेत.

दिवाळी होऊन गेल्यावर आमचे हे आले. मी दारातच होते. ट्रंक अंगणात ठेवली, पण आत येईनात. खूप वाळले होते. माझ्याकडे न बघताच हळू आवाजात म्हणाले, "सुमन, आता खरं सांग. बाबा कधी गेले?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एवढे महिने हा माणूस तिकडे एकटा सुतक धरून बसला होता! बाप गेला, आणि जाता जाता आपल्याला वाचवून गेला, अशीच ह्यांची खात्री झाली होती. मी 'बरे आहेत' लिहायचे ते ह्यांना वाटायचं, परमुलखात धक्का नको म्हणून लपवतेय. विचारायची हिंमत नव्हती, म्हणून चौकशीच बंद केली.

मला हसू आलं की रडू, मला सांगता येणार नाही. मी ह्यांचा हात धरून आत नेलं.

मामंजी उशीला टेकून बसले होते. मुलाकडे बघून त्यांनी या खेपेला तोंड फिरवलं नाही. हे खाटेपाशी गेले, खाली बसले, त्यांचा लुळा हात हातात घेऊन दाबून बघितला… जणू खरा आहे का ते तपासतायत. आणि म्हणाले, "बाबा, तुम्ही आसात?"

मामंजींनी त्या जड जिभेने एकेक शब्द जुळवला.

"आसय. खंय जातलंय?"

आहे की. मी कुठे जाणार! असं म्हणाले, आणि आपल्याच बोलण्यावर एका बाजूने हसले. मग हे जे रडले, ते ऐकून फिलू तिच्या घरातून धावत आली. तिला वाटलं काहीतरी वाईट झालं. मी तिला दारातच मिठी मारली.

मामंजी त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. थोरल्या नातीला कुशीत घेऊन झोपायचे. त्या सकाळबद्दल त्यांना मी परत परत विचारलं, पण त्यांना खरोखरच काही ठाऊक नव्हतं. माझा मुलगा इंजिनिअर आहे. तो म्हणतो, आई, योगायोग असेल, स्मृतीचा खेळ असेल. असेल बाबा. पण फिलूनेही ते तळवे बघितले होते, आणि जाधवांनी मी काही सांगायच्या आधी तो चेहरा ओळखला होता. जोगेश्वरीतला लुळा म्हातारा सायगावच्या गल्ल्यांमधून चार जणांना कसा काय बाहेर काढतो? वडील असते तर त्यांना तोंडावर सांगितलं असतं, हो, मी स्वतः बघितलं. त्यांनी पुढे 'मग कारण काय?' असं विचारलं असतं, तर म्हटलं असतं, ते तुम्हीच शोधा.