आहेरातला वरचा रुपया

पत्रिकेवर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'कृपया आहेर आणू नये.' बायको म्हणाली, ते सगळेच छापतात. तिच्या मावसबहिणीच्या मुलाचं लग्न होतं. तिने पाचशेची नोट काढली आणि वरचा रुपया शोधायला लागली, कारण शून्यावर संपणारा आहेर आमच्याकडे चालत नाही. पण हल्ली भाजीसुद्धा फोनवरून पैसे देऊन येते, घरात सुटा रुपया कुठला असायला? मी अंघोळीला गेलो होतो. टेबलावर तिला एक रुपयाची कोरी करकरीत नोट दिसली. तिने ती घडी घालून पाकिटात सरकवली.

ती नोट माझ्या जन्मवर्षाची होती. जुन्या नोटा जमवायचा नाद मला नोकरीत असल्यापासून आहे, आणि ही मिळावी म्हणून मी पुण्यातली सगळी प्रदर्शनं पालथी घातली होती. नवं प्लॅस्टिकचं पाकीट घालायला म्हणून तेवढी बाहेर काढून ठेवली होती. या छंदात किंमत कोरेपणाला. एक घडी पडली की ती निम्म्यावर येते. हा सगळा उलगडा मला लग्नाहून परतल्यावर झाला, आणि दोनदा मागून घेतलेली जिलबी पोटात कडू झाली.

"अहो, रुपयाच तर होता," बायको म्हणाली.

पुढच्या रविवारी विश्रांतवाडीला त्यांच्याकडे सत्यनारायण होता. दिलेला आहेर परत कसा मागायचा, याची वाक्यं मी रिक्षात जुळवत होतो. बदली म्हणून शंभराची नोट खिशात तयार होती. प्रसाद घेताना मी नव्या सुनेला सहज विचारल्यासारखं विचारलं, आमच्या पाकिटातली जुनी नोट बघितलीत का?

ती मला लगबगीने देव्हाऱ्यापाशी घेऊन गेली. नोट लक्ष्मीच्या तसबिरीपुढे होती. अर्थसचिवांच्या सहीवर हळदकुंकवाचं ठसठशीत बोट उमटलं होतं.

"काका, बाकीचा आहेर बँकेत भरला," ती म्हणाली. "ही मात्र आम्ही कधीच खर्चणार नाही."

आजवर माझी नोट पाहून तिची किंमत न विचारणारी ती पहिलीच. मला राग यायला हवा होता, पण मी नोटेपुढे हात जोडले. शंभराची नोट खिशातच राहिली.

निघताना मावसबहिणीने माझ्या हातात मानाचं पाकीट ठेवलं. त्यावर रुपयाचं नाणं चिकटवलेलं होतं, चालू वर्षाचं. रिक्षात बायकोने ते नखाने सोडवून माझ्यापुढे धरलं.

"घ्या, ठेवा जपून. जुनं व्हायला वेळ लागेल, पण तुम्हाला कुठे घाई आहे?"

मी ते रुमालात घेतलं. बोटांचे डाग पडले की नाण्याचीही किंमत जाते.