अर्धं झाकलेलं पान

माझा थोरला भाऊ अडाणी नव्हता, हटवादी होता. विधवा होऊन मी त्याच्या दारात आले, तेव्हापासून माझं तोंड उघडणंच त्याला खपेना. त्या साली सारंगखेड्याच्या घोडेबाजारात घोडी विकायची म्हणून तो दोन महिने उभ्या उसाची हिरवी पानं ओरबाडून तिला चारत होता.

"हिरवा पाला नको तोडू, भाऊ. साखर पानस्माच बनस," मी म्हटलं.

"मास्तरनी कधी ऊस लाया व्हता का?" तो फिस्कन हसला.

मास्तर म्हणजे माझे यजमान. त्यांनी ऊस लावला नव्हता, पण अंगणातल्या घेवड्याचं अर्धं पान काळ्या कागदाने झाकून दोन दिवसांनी मला दाखवलं होतं. हिरवा रंग उतरवून वर आयोडीन टाकलं, तर उघडं अर्धं काळंनिळं पडलं, झाकलेलं फिकटच राहिलं. हवेतला कर्बवायू आणि मुळांचं पाणी घेऊन पान उन्हात साखर करतं, उरलेली पिठासारखी साठवतं, असं ते म्हणाले होते. मी बांधालगतच्या सहा सऱ्या विळा घेऊन राखल्या. तिथलं एकही पान त्याला तोडू दिलं नाही.

गुऱ्हाळ लागलं. पाला ओरबाडलेल्या उसाचा रस काहिलीत, त्या मोठ्या कढईत, कितीही आटवला तरी गूळ बसेना, नुसती चिकट काकवी. गूळ शिजवणाऱ्या गुळव्याने माझ्याकडे बघितलं.

"बाईनी सावली पडनी," तो म्हणाला.

भाऊ ऐकूनही चुलीत चिपाडं सारत राहिला. त्याचा मला अजून राग येतो. पांढऱ्या पायाची म्हणून त्या घरात जन्म काढायचा की नाही, हे आता त्या काहिलीवर ठरणार होतं.

"माझ्या सहा सऱ्यांचा रस वेगळा शिजवा," मी ओरडले. "आणि माझी सावली नडत असेल, तर मी घराबाहेर पाऊल टाकत नाही!"

दुसऱ्या दिवशी मी घरातच बसून राहिले. दुपारी भाऊ माझ्या सऱ्यांच्या गुळाचा पिवळाधमक, खणखणीत खडा घेऊन आला.

"देख, तू नही व्हती म्हनीसन गूय बसना."

मी नव्हते म्हणून गूळ बसला म्हणे! मी पाल्याचं सांगू लागले, तोवर तो निघून गेला होता. मास्तरांनी पानाचं एक अर्धं झाकलं, पण दोन्ही अर्धी एकाच वेलावर, एकाच उन्हात ठेवली होती. मी पाला राखला आणि वर रागाने स्वतःलाही झाकून घेतलं; मग गूळ कशाने बसला, ते कुणाला कसं पटणार? माझ्याइतकी मूर्ख मीच.

तेव्हापासून गुऱ्हाळ लागलं की मला खोलीत बसवत. आणि गूळ दर साली छान बसायचा, कारण घोडी त्याच बाजारात विकली गेली होती.